एकच दरवाजा लॉक होत नाही, तर मॉड्यूल बदलायचं का?

पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. गाडीचा रिमोट दाबल्यावर तीन दरवाजे लॉक होतात, चौथा ढिम्म. गॅरेजमध्ये 'मॉड्यूल (सगळी लॉक चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलंय' म्हणतात, बदलू का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: लगेच नको. तीन दरवाजे ऐकतायत, म्हणजे रिमोट, फ्यूज आणि मॉड्यूलचा बराचसा भाग शाबूत आहे. मॉड्यूल महाग असतं, आणि नवं बसवूनही दरवाजा तसाच राहिला तर पैसे परत कोण देणार?

आधी बिजागरीजवळचा रबरी बूट बघा. दरवाजाच्या सगळ्या वायरी त्यातूनच जातात आणि दरवेळी दरवाजासोबत वाकतात. ड्रायव्हरचा दरवाजा सर्वात जास्त उघडतो, म्हणून तिथलीच वायर बहुधा आधी तुटते. बाहेरचं प्लास्टिक अखंड दिसतं, आतलं तांबं मात्र तुटलेलं असतं. एकाला लॉकचं बटण दाबत राहायला सांगा आणि दुसऱ्याने दरवाजा सावकाश हलवत बूट वाकवून बघावा. एखाद्या कोनात लॉक चाललं की दोष सापडला. त्याच दरवाजाची काच किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल, तर शंकेला जागाच नाही.

तिथे काही सापडलं नाही, तर दरवाजाचा आतला पॅड काढून लॉक हलवणाऱ्या मोटरचा प्लग सोडवा. दोन वायरींच्या साध्या मोटरला लॉक करताना एका दिशेने आणि अनलॉक करताना उलट दिशेने, जेमतेम अर्धा ते एक सेकंद बारा व्होल्ट मिळतात. इथे नुसत्या डिजिटल मीटरवर विसंबू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळपास ओढतच नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब प्लगच्या त्या दोन पिनांना लावा आणि बटण दाबा. तो पावणेदोन अँपियरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, मोटर किंवा तिचा प्लग खराब. मंद पेटला तर वायर किंवा अर्थिंग कमजोर. नव्या गाड्यांत मोटर लॅचमध्येच (दरवाजा अडकवणाऱ्या कुलपात) असते आणि प्लगला जास्त पिना असतात. तिथे त्या गाडीची वायरिंग डायग्राम हाताशी नसेल तर अंदाजाने पिन जोडू नका.

वायर तुटलेली निघाली तर बूटच्या आत पीळ देऊन टेप गुंडाळू नका. ती जागा रोज वाकते, जोड पुन्हा सुटतो आणि ओल शिरून तांबं हिरवं पडतं. त्याच जाडीची बारीक तारांची लवचिक वायर घ्या, बूटमधला पूर्ण तुकडा बदला, दोन्ही जोड बूटच्या बाहेर आणा, सोल्डर करून हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हे सामान सहज मिळतं.

लॉक होऊन लगेच अनलॉक होत असेल, तर प्रकार वेगळा. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दरवाजात पाच वायरींची मोटर असते. त्यातल्या दोन मोटरच्या, तीन आतल्या स्विचच्या. स्विच घाण झाला किंवा मोटरला लॉकशी जोडणारी दांडी पूर्ण सरकत नसली, की मॉड्यूलला 'दरवाजा अनलॉकच आहे' असा चुकीचा निरोप जातो. दांडीची जोडणी आधी सैल-घट्ट करून बघा.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका. 15 अँपियरच्या जागी 30 चा बसवला की फ्यूजऐवजी वायर जळते.

मुंबईत या सगळ्याच्या मुळाशी बऱ्याचदा पाणी असतं. काचेच्या रबराशेजारून पाणी दरवाजात उतरतं, ते नेहमीचंच. ते खालच्या छिद्रांतून बाहेर पडायला हवं. झाडाखाली रस्त्यावर उभ्या गाडीत गुलमोहराची बारीक पानं तिथे साचतात, छिद्रं बुजतात, मोटर ओलीत राहते. पावसाळ्याआधी छिद्रं काडीने मोकळी करा. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवा चिकटवा. तो नसेल तर पाणी थेट प्लगवर आणि गाडीच्या आत येतं.

अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी फूटबोर्डच्या वर आलं असेल, तर रिमोट दाबून बघण्याचा मोह टाळा. काही गाड्यांत मॉड्यूल डॅशबोर्डखाली पायाजवळच असतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, गालिचा उचला, प्लग उघडे ठेवून पूर्ण सुकू द्या, मग कॉन्टॅक्ट क्लीनर (पिना साफ करणारा स्प्रे) मारून जोडा.