तुम्ही विचारलंत म्हणून: सुलोचनेचा आवाज

आधी एक खुलासा. प्रश्न भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या सुलोचनादीदींबद्दल नसतो. तो मूकपटांच्या काळात इम्पीरियल फिल्म कंपनीची नायिका असलेल्या सुलोचनेबद्दल असतो, म्हणजे रूबी मायर्सबद्दल. जन्म पुण्याचा, 1907 सालचा. घर बगदादी ज्यूंचं. सिनेमात येण्याआधी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. आणि प्रश्नही ठरलेला: "बोलपट आले आणि बाईंचा आवाज उघडा पडला, म्हणून संपल्या ना?"

टेलिफोन ऑपरेटर होती हो ती. दिवसभर आवाजावरच पोट भरणारी मुलगी. अडलं ते आवाजापाशी नव्हे, भाषेपाशी. हिंदुस्थानी तिला सफाईने येत नव्हती, आणि 1931पर्यंत यायची गरजही नव्हती. मूकपटात संवाद पाट्यांवर येत, एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत. नट ओठांनी काय पुटपुटतो याला कोण विचारतं? 1927च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तिने आठ भूमिका केल्या, माळ्यापासून केळीवालीपर्यंत. त्या आठांपैकी एकीलाही साधा 'ख' की उर्दूतला घशातला 'ख़' याची फिकीर करावी लागली नाही.

मग 14 मार्च 1931ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये भारतातला पहिला बोलपट, 'आलम आरा', लागला. स्टुडिओ तोच, इम्पीरियल. मालक-दिग्दर्शक तेच, अर्देशीर इराणी. नायिका मात्र जुबेदा. सचिन संस्थानच्या नवाबाची मुलगी ती, उर्दू कानावर पडतच वाढलेली. पगारपत्रकावर सर्वांत मोठं नाव सुलोचनेचं आणि पहिल्या बोलपटात तिला जागा नाही. नायक मास्टर विठ्ठल यांची भाषाही तशी बेतासबातच होती. पण त्यांच्यावर तोडगा निघाला: नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवा. तलवारबहाद्दराला गुंगीत ठेवता येतं. सात गाण्यांच्या चित्रपटातल्या नायिकेला कसं ठेवणार?

यानंतर तिने वर्षभर काम थांबवलं आणि भाषा शिकली. सगळे हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. जरा इथे थांबा, कारण त्या वेळी "भाषा शिकणं" म्हणजे शिकवणी लावणं एवढंच नव्हतं.

'आलम आरा'चं ध्वनिमुद्रण टनार यंत्रावर झालं. चित्र आणि ध्वनी एकाच नेगेटिव्हवर. भिंगासमोर फिल्म थबकत-थबकत सरकते, ध्वनीला ती अखंड सरकायला हवी. म्हणून एखाद्या चौकटीचा (फ्रेमचा) आवाज त्या चौकटीशेजारी नसतो, सुमारे 20 चौकटी दूर असतो. वेग सेकंदाला 24 चौकटी. म्हणजे चुकलेल्या शब्दावर कात्री चालवली, तर पाऊण सेकंदाहून थोडा जास्तच आवाज भलत्याच चित्राबरोबर जातो. एक 'क़' घसरला की सबंध शॉट पुन्हा. शिवाय मूकपट सेकंदाला 16च्या आसपास चौकटींनी चाले, मिनिटाला साधारण 60 फूट. बोलपट खातो 90 फूट. तीच चूक दीडपट महाग.

त्यातून स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ. 'आलम आरा'चं काम मुख्यतः गाड्या थांबल्यावर, रात्री एक ते चारच्या सुमाराला चाले. मायक्रोफोन सेटवर लपवलेला, वादक आडोशाला, आणि पार्श्वगायन नाहीच. ते 1935मध्ये कलकत्त्यात न्यू थिएटर्सनी आणलं. तोवर गायचं तर तिथेच, कॅमेऱ्यासमोर. मूकपटाचा दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सांगू शके: वळ, दचक, आता रड. त्या आधारावर पाच-सहा वर्षं काढलेल्या नटीला एका रात्रीत सांगायचं की आता कुणी काही बोलणार नाही, तूच बोलायचंस, मान माइककडून फार वळवायची नाही, आणि चेहरा मात्र पूर्वीसारखाच मोकळा हवा.

त्यात भाषा कुठली? पारशी रंगभूमीची उर्दू. आपल्याला 'जग' आणि 'जागा' यांतले दोन 'ज' सहज वेगळे करता येतात, म्हणून वाटतं उच्चार काय, जमतील. पण 'क' आणि 'क़' आपल्याही कानाला नीट वेगळे लागत नाहीत. मुळात इंग्रजी वळणाच्या जिभेला ते किती जड गेलं असेल याचा अंदाज करा.

आणि ती परत आली. 1932चा बोलका 'माधुरी' तिच्याच 1928च्या मूकपटावरून, आणि तो चालला. मग रांगच लागली. 1929ची 'इंदिरा बी.ए.' 1934मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाली. बाईंनी भाषा शिकली, इंदिरेने पुढची पदवी घेतली. 1935मध्ये 1928ची 'अनारकली' पुन्हा, 1936मध्ये वाइल्डकॅटची 'बम्बई की बिल्ली'.

इथे मला माझ्याच जुन्या मताशी भांडावं लागतं. या पुनरावृत्तीला मी वर्षानुवर्षं कल्पनेचं दारिद्र्य म्हणत आलो. आज ती मला हिशेबी चाल वाटते. प्रसंग पाठ, उभं राहायची जागा पाठ, सहनायक डी. बिलिमोरिया ओळखीचे, नवीन फक्त शब्द. सगळी ताकद जिभेवर लावता येते. पण मग तिची तुलना कायम तिच्याशीच होत राहिली, आणि 1928च्या अनारकलीचं वय सात वर्षांनीही तेच राहणार होतं. तेव्हा जुनं मत पूर्ण खोटं होतं असंही म्हणवत नाही.

जाता जाता, "गव्हर्नरपेक्षा जास्त पगार" हे पालुपद आता पुरे. तिचा पगार महिना 5000 सांगतात. मुंबईच्या गव्हर्नरचा पगार 1935च्या कायद्यात वर्षाला 1,20,000 आहे, म्हणजे महिना 10,000. 5000 त्या काळी अफाटच होते, त्यासाठी गव्हर्नरला मध्ये ओढायची गरज नाही.

मग संपली कशाने? 1938मध्ये इम्पीरियल बंद पडली. तिचं सगळं बस्तान त्या एका घराच्या आधारावर होतं. तिशी उलटली होती, आणि उर्दू घरातून घेऊन आलेल्या मुली रांगेत उभ्या होत्या. यातलं नेमकं कुठलं कारण निर्णायक? दर वेळी मी वेगळं सांगतो, हे कबूल. फक्त "आवाज" हे उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

नंतर चरित्रभूमिका, 1973चा फाळके पुरस्कार, 1983मध्ये मुंबईत अखेर. मधलं एक साल मात्र सांगायलाच हवं. 1953मध्ये फिल्मिस्तानने 'अनारकली' काढला. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, 'इंदिरा एम.ए.'चे तेच. अनारकली बीना राय. सुलोचना सलीमची आई.

हा चित्रपट आजही पाहता येतो. त्यात ती बोलते, आणि उर्दूतच बोलते. आधी ते ऐका, मग पुढचा प्रश्न विचारा.