भुरीच्या कागदावरचा रिकामा रकाना

"आई, भुरी येणार ना?" आमच्याकडे सुट्टीचा विषय निघाला की लेकीचा पहिला प्रश्न हाच असतो. दोन वर्षांपूर्वी या प्रश्नाला मी "नाही" म्हटलं होतं. भुरी आमची कुत्री. नऊ वर्षांची, मातकट रंगाची, दोन घरं बदलून तिसऱ्या खेपेला आमच्याकडे आलेली. त्या वेळी आठ दिवस तिला कुत्रे सांभाळणाऱ्या बोर्डिंगमध्ये ठेवलं. जागा स्वच्छ होती, माणसं मायेची होती, रोज फोटोही येत होते. पण परत आणायला गेलो तेव्हा पाठीवरून हात फिरवताना तिच्या बरगड्या बोटांना लागल्या. पहिले चार दिवस तिने अन्नाला तोंडच लावलं नव्हतं. त्या रात्री ती झोपली नाही, माझ्या पलंगाच्या कडेला नुसती उभी राहिली. दोनदा सोडून दिलेल्या जनावराला "आम्ही आठ दिवसांनी येतो" हे कसं समजावणार?

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. म्हणून गेल्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या नॉर्मंडीला जायचं ठरलं तेव्हा आधी भुरीचा विचार केला आणि मग बाकीचा बेत आखला. भारतातून बरेच जण विचारतात की इंग्लंडहून कुत्र्याला फ्रान्सला नेता तरी येतं का, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

विमान आम्ही पहिल्याच दिवशी बाद केलं. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा केबिनमधून आणता येत नाही, तो कार्गोनेच यावा लागतो. अपवाद फक्त अंधांना वगैरे मदत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांचा. घर कायमचं हलवायचं असेल तर इलाज नसतो, ते मी समजू शकते. पण आठ-पंधरा दिवसांच्या हौसेसाठी जनावराला पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत, कारण ताणात आणि उकाड्यात त्यांचा श्वास कोंडतो. लंडनहून पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारच्या रेल्वेतही पाळीव कुत्र्याला मनाई आहे. बोटीने नव्वद मिनिटं लागतात, पण बऱ्याच फेऱ्यांत कुत्र्याला खाली गाडीत एकटं ठेवून आपण वर जायचं असतं. भुरीला ते झेपलं नसतं. राहिला समुद्राखालचा बोगदा. इंग्लंडच्या बाजूला फोकस्टनला आपली गाडी थेट रेल्वेच्या डब्यात चढवायची, पस्तीस मिनिटांत फ्रान्समधल्या कॅलेच्या बाजूला उतरायचं, आणि सगळा वेळ कुत्रा आपल्याजवळ गाडीतच.

आता कागद. ब्रेक्झिटपूर्वी, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याआधी, इथल्या कुत्र्यांना युरोपचा निळा पेट पासपोर्ट मिळायचा आणि तो वर्षानुवर्षं चालायचा. १ जानेवारी २०२१ पासून इथे दिलेले ते पासपोर्ट बाद झाले. आता प्रत्येक प्रवासासाठी नवं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तेही निघण्याच्या आधीच्या दहा दिवसांतच काढलेलं. प्रत्येक व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, ते देता येत नाही, सरकारमान्य अधिकृत व्हेटच लागतो. आम्हाला त्याचे १८० पौंड पडले. हातात आला तो इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांतला कागदांचा चांगला जाडजूड गठ्ठा.

त्याआधीची साखळी चुकवून चालत नाही. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. पहिली लस असेल तर त्यानंतर एकवीस दिवस थांबायचं. भुरीचे बूस्टर वेळच्या वेळी झाले होते म्हणून आम्हाला थांबावं लागलं नाही. भारतातून कुत्रा इकडे आणायचा असेल तर हे प्रकरण आणखी लांबतं. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना घेतात, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं पुरेशी आहेत का ते पाहतात, आणि नमुना घेतल्यापासून पुढे तीन महिने वाट पाहावी लागते. तेव्हा कुणी बदलीवर येणार असाल तर सामानाच्या आधी कुत्र्याची तयारी सुरू करा.

एका नियमाने आम्हाला अगदी शेवटच्या आठवड्यात गाठलं. ब्रिटनमधून युरोपात जाताना मांस किंवा दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, आणि त्यात कुत्र्याचं नेहमीचं खाणंही येतं. भुरीचं पोट नाजूक. मग फ्रान्समध्येही मिळणाऱ्या एका खाण्याची छोटी पिशवी इथेच आणली आणि आठवडाभर रोज थोडं थोडं नवं, थोडं थोडं जुनं असं मिसळत गेले. तिकडे पोचल्यावर दुकानात "क्रोकेत" (कुत्र्याचं कोरडं खाणं) एवढा एक शब्द पुरला. चिपच्या नोंदीतला आणि पट्ट्याच्या बिल्ल्यावरचा फोन नंबर देशाच्या कोडसकट करून घेतला. परक्या गावात कुत्रा सुटला तर ज्याला सापडेल त्याला फोन लावता आला पाहिजे.

सुट्टी फार सुंदर झाली. एत्रता या समुद्राकाठच्या गावाचे पांढरे खडूचे कडे चित्रकार क्लोद मोनेने पुन्हा पुन्हा रंगवले आहेत. ते बघायला आम्ही सकाळी सातला वर चढायचो, कारण त्या वेळी गर्दी नसते. वरच्या वाटेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून भुरी कायम दोरीवर. अनेक किनाऱ्यांवर ऐन उन्हाळ्यात कुत्र्यांना बंदी असते, म्हणूनच आम्ही सप्टेंबर निवडला होता. आणि खानावळीत आपण बसायच्या आत तिच्यासाठी पाण्याचा वाडगा यायचा. पहिल्या दिवशी ती माझ्या पायांना चिकटून बसली. चौथ्या दिवशी टेबलाखाली आडवी होऊन गाढ झोपली, आणि ते बघून माझा घास घशातच अडकला.

आता त्या रकान्याची गोष्ट.

परत ब्रिटनमध्ये येताना कुत्र्याला टेपवर्मची म्हणजे फीतकृमीची गोळी द्यावी लागते, तीही प्रवेशाच्या किमान चोवीस आणि जास्तीत जास्त एकशेवीस तास आधी, आणि व्हेटच्या हातून. यामागे कारण आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर कोल्ह्यांमधून पसरणारा एक फीतकृमी आहे, कुत्र्याला तो सहज लागतो, आणि कुत्र्याकडून माणसाच्या यकृतात गेला तर जीवघेणा ठरू शकतो. ब्रिटनमध्ये तो नाही, आणि तो येऊ नये म्हणून ही गोळी.

आम्ही गुरुवारी संध्याकाळी तिथल्या एका व्हेटकडे गेलो. बाईंनी भुरीचं वजन केलं, गोळी चीजमध्ये गुंडाळून भरवली, तिने गिळली याची खात्री केली, प्रमाणपत्रावर औषधाचं नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. आम्ही आभार मानून निघालो. शनिवारी दुपारी कॅलेला पोचलो. तिथे रस्त्याकडेला पंजांच्या खुणा असतात, त्या धरून पाळीव प्राण्यांच्या तपासणी कक्षात गेलो. काउंटरवरच्या मुलीने पान उलटलं, पुन्हा पुढे आणलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तारीख होती. वेळ लिहिलेली नव्हती.

मला आधी कळेचना. गुरुवार ते शनिवार म्हणजे कसंही मोजलं तरी चोवीस तास उलटून गेलेले. नवऱ्याने शांतपणे हेच सांगून पाहिलं. ती म्हणाली, मला पटतंय, पण कागदावर नाही ते मी धरू शकत नाही. तीन तासांचा रस्ता मागे जाऊन त्याच व्हेटकडून वेळ लिहून आणा, किंवा इथे गावात दुसरी गोळी देऊन चोवीस तास थांबा. मागचा दवाखाना शनिवारी दुपारी बंद झालेला. लेकीचे डोळे भरून आले. सोमवारी तिची शाळा होती. मी त्या पानाकडे बघत राहिले. चूक त्या बाईंची होती खरी, पण ते पान दोन दिवस माझ्या पर्समध्ये होतं आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

कॅलेतला एक दवाखाना उघडा सापडला. तिथल्या व्हेटनी सांगितलं, पुन्हा गोळी दिली तरी तिला अपाय नाही. या वेळी त्यांनी पेन टेकवलं तशी मी शेजारी जाऊन उभी राहिले. सोळा वाजून दहा मिनिटं. तो आकडा मी बोटाने दाखवून पुन्हा मोठ्याने वाचला. कुत्र्याला घेणारं हॉटेल मिळायला अडचण आली नाही, रात्रीचे थोडे युरो जास्त घेतले इतकंच.

रविवारी सकाळी काप ब्लां-ने नावाच्या कड्यावर गेलो. हवा स्वच्छ होती. समोर पाण्यापलीकडे डोव्हरचे पांढरे कडे दिसत होते. सर्वांत अरुंद जागी ही खाडी जेमतेम ३३ किलोमीटरची आहे. समोर घर दिसत होतं आणि आम्ही घड्याळाकडे बघत गवतात बसलो होतो. लेकीचा राग अजून गेला नव्हता. "एवढंसं तर राहिलं होतं लिहायचं," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं. पहिल्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांनी लळा लागलेले कुत्रे चोरून सोबत आणले. ब्रिटनमधून रेबीज नाहीसा झालेला होता, तो १९१८ मध्ये पुन्हा आला आणि घालवायला १९२२ उजाडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं परदेशातून परतणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागायचे. ते २००० साली चिप आणि लशीची ही पद्धत आल्यावर थांबलं. सहा महिने! बोर्डिंगमधल्या आठ दिवसांत बरगड्या दिसायला लागलेल्या भुरीचं काय झालं असतं? रेबीज म्हणजे काय ते मी लहानपणी ऐकलं आहे, चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, आणि वेळेत लस न मिळालेल्या माणसाबद्दल मोठी माणसं आवाज खाली आणून काय बोलायची तेही. इथे वाढलेल्या माझ्या मुलीला हा शब्द फक्त कागदावरचा आहे. ती काही बोलली नाही. भुरीच्या मानेत बोटं घालून बसून राहिली.

संध्याकाळी पाचला पुन्हा त्याच काउंटरवर. या वेळी दुसरा माणूस होता. त्याने सगळी पानं पाहिली, सोळा-दहावर क्षणभर थांबला, आणि स्कॅनर लेकीच्या हातात दिला. तुमचा कुत्रा तुम्हीच स्कॅन करायचा अशी तिथली पद्धत आहे, म्हणजे अनोळखी हात लागून जनावर बिथरत नाही. तिने तो भुरीच्या खांद्यांमधून हळूच फिरवला. पहिल्यांदा काहीच नाही. मग जरा डावीकडे नेला आणि तो वाजला. पडद्यावर चिपचे पंधरा आकडे आले. त्या माणसाने एकेक आकडा कागदाशी ताडून पाहिला आणि मान डोलावली.

गाडीत बसताना लेकीने प्रमाणपत्राची फाइल माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवली. बोगद्यात शिरलो तेव्हा भुरीचं डोकं त्या फाइलवर होतं.