केळीच्या पानाशिवाय एक मुखपृष्ठ

खानदेशातील कादंबरी म्हटली की मुखपृष्ठावर केळीची बाग, कापसाचे बोंड किंवा तापीचे पात्र असावे, असा एक अलिखित संकेत आहे. माझ्याकडे मुखपृष्ठासाठी आलेल्या एका नव्या कादंबरीच्या जळगावच्या प्रकाशकांची अपेक्षाही तशीच होती. हस्तलिखित वाचल्यावर मात्र मी केवळ अक्षरांचे मुखपृष्ठ करण्याची परवानगी मागितली. गिरणाकाठच्या एका गावात वाटणीनंतर दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात, तरी त्यांच्या घरांमधली भिंत सामाईकच राहते, एवढेच कादंबरीचे कथानक आहे.

कादंबरीचे नाव अजून जाहीर झालेले नाही, म्हणून ते येथे देत नाही. ते दोन शब्दांचे आहे. हे शब्द एकाखाली एक ठेवून, खालच्या शब्दाची शिरोरेषा हीच वरच्या शब्दाची जमीन करावी, असे मी ठरवले. कल्पना कागदावर सोपी दिसली, परंतु देवनागरीत अक्षराच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती जागाच मी काढून टाकली होती. वरच्या शब्दातला उकार खालच्या घरात उतरत होता आणि खालची वेलांटी वरच्या कान्याला अडत होती. उकार मी रेषेपलीकडे जाऊ दिला, कारण कथेतही एक भाऊ असाच हद्द ओलांडतो. वेलांटी मात्र चपटी करून दोन कान्यांमधल्या पोकळीत बसवली.

तयार फॉन्टपैकी ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेचा ‘मुक्ता’ मला आवडतो, पण त्याची जवळपास एकसारख्या जाडीची रेघ येथे फार सभ्य दिसत होती. शेवटी बोरूने अक्षरे लिहिली, स्कॅन केली आणि संगणकावर त्यांच्या कडा फारशा गुळगुळीत न करता रेखाटली. ‘ल’ अर्थातच मराठी वळणाचा, पाकळीयुक्त. अक्षरे दूरदूर मांडण्याची सूचना आली होती. रोमन लिपीला ती शोभते, देवनागरीत शिरोरेषा तुटून शब्द विखुरतो.

रंग एकच, काळा, आणि बाकी कोरा पांढरा कागद. प्रकाशकांना लाल ठिपका हवा होता. कशासाठी, हे त्यांनाही सांगता आले नाही. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, आर्ट कार्डावर सलग काळा रंग घडीवर तडकतो, म्हणून मॅट लॅमिनेशन घेतले आणि काळा भाग घडीपासून दूर ठेवला.

कण्यावर ही कल्पना चालणार नव्हती. २४० पृष्ठांचे, म्हणजे १२० पानांचे पुस्तक; ०.१ मिमी जाडीच्या कागदाने कणा जेमतेम १२ मिमीचा होतो. तेवढ्या पट्टीत दोन मजली शब्द वाचता येत नाहीत, त्यामुळे तेथे शीर्षक एकाच ओळीत, साध्या ‘मुक्ता’मध्ये आहे.