गप्पींचा शेजार

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला आणि सांगलीच्या गावभागात चिखलापाठोपाठ डास आले. पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं, पण अंगणातला सिमेंटचा हौद गढूळ पाण्याने भरून राहिला. तो धुऊन पुन्हा भरला तेव्हा आरोग्य सेविका ताई बादली घेऊन आल्या आणि त्यात दहा-बारा गप्पी मासे सोडून गेल्या. बोटाच्या पेराएवढे, करड्या रंगाचे मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्या देशात शंभर वर्षांहून जास्त काळ ते हौदांत आणि विहिरींत सोडले जातात. दोन महिन्यांत दहाचे शंभर झाले. माझा धाकटा मुलगा शाळेतून आला की दप्तरासकट हौदाच्या काठावर. त्याचा पहिला प्रश्न, "आई, हे गप्पा मारतात म्हणून गप्पी का?" मग आम्ही शोधलं. त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्या आडनावावरून १८६६ साली त्यांना शास्त्रीय नाव दिलं गेलं, त्यातूनच गप्पी हे नाव रूढ झालं.

त्याला ते मासे घरात, काचेतून बघायचे होते. तेवढ्यासाठी दोन फुटांची टाकी आणली, आणि दुकानातले रंगीत गप्पी बघून हौदातल्यांना आम्ही विसरलो. निळ्या शेपटीचे, लाल शेपटीचे, पंख्यासारखी शेपूट हलवत फिरणारे. मी सहा जोड्या घेतल्या, घरी आले, टाकी स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने भरली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. आपण पितो ते सगळ्यात शुद्ध पाणी, तर माशांनाही तेच द्यावं, असं मला मनापासून वाटलं होतं.

आठव्या दिवशी बारातले तीन उरले. शेपट्या मिटून, अंग थरथरवत एका कोपऱ्यात उभे राहायचे आणि सकाळी तळाशी दिसायचे. मुलाने तुळशीच्या कुंडीत त्यांना एकेक करून पुरलं. मला आजही ते आठवून वाईट वाटतं, कारण चूक पूर्ण माझी होती.

मिरजेत एक मुलगा घराच्या गच्चीवर गप्पींची पैदास करतो, असं कळलं. त्याच्याकडे गेले. त्याने मासे दाखवायच्या आधी विचारलं, "काकू, पाणी कुठलं वापरलासा?" आरओ म्हटल्यावर त्याने मान हलवली. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतं. गप्पीला तर क्षार लागतात. तो जड पाण्यातला मासा. सामू (पीएच) सात ते आठच्या दरम्यान आणि पाणी जड असलं की तो खुशीत राहतो. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याने आमच्या गीझरला पांढरे थर बसतात, तेच त्याच्या कामाचं. आमच्याकडे नळाला कृष्णेचं पाणी येतं आणि बोअरही आहे. तेव्हापासून मी दोन्ही अर्धं-अर्धं मिसळते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते एक दिवस आधी उघड्या बादलीत भरून ठेवते. पावसाळ्यात वास जास्त येतो, तेव्हा क्लोरीन मारणारे थेंबही टाकते.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नव्हती. नवी टाकी ही रिकामी टाकी असते, पाण्याने भरली तरी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, आणि तेही पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात घर करतात आणि त्यांना तिथे बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. माझे मासे बिनजिवाणूंच्या टाकीत अमोनियाने गेले होते. त्याने आपल्या चालू फिल्टरचा स्पंज एका बाटलीत पिळून ते काळं पाणी मला दिलं, पैसे न घेता. मी ते टाकीत ओतलं, उरलेले तीन मासे टबात हलवले आणि थांबले. रोज थोडंसं माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किटचे थेंब टाकून रंग बघायचा. मुलाने वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला होता. पंचविसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग त्या तिघांना परत आणलं आणि मिरजेहून दोन नर, चार माद्या आणल्या. नर कमी आणि माद्या जास्त, हे मुद्दाम. नर दिवसभर माद्यांच्या मागे असतात. एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या की एकीलाच सगळा जाच होत नाही.

इथपर्यंत सगळं नीट चाललं. टाकी मला मोकळी वाटायला लागली आणि मी शेजारी शोधायला निघाले. दुकानदाराने दोन सुमात्रा दिले. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, देखणे, चपळ. "गप्पीबरोबर चालतात," म्हणाला. तिसऱ्या दिवशी सगळ्यात सुंदर निळ्या नराच्या शेपटीचा पंखा चिंध्या झाला होता. मला आधी रोग वाटला. मग मी टाकीसमोर पाट टाकून तासभर बसले तेव्हा दिसलं, सुमात्रा मागून येतो, टचकन चावतो आणि निघून जातो. पुन्हा येतो. भूक लागलेली नसतानाही. मिरजेच्या मुलाला फोन केला तर तो कळवळला, "अहो काकू, सुमात्रा कशाला घातलासा? हलती शेपूट दिसली की त्याला राहवत नाही." सुमात्रा कळपात राहणारा मासा, सहा-आठ असले तर आपसात भांडून भागवतात, दोनच असले की सगळी खोड दुसऱ्यांवर निघते. आणि गप्पी नराइतकं सोपं सावज नाही. एवढी मोठी शेपूट घेऊन त्याला पळता येत नाही.

जखमी नराला टबात वेगळं ठेवलं, रोज थोडं पाणी बदललं, दहा लिटरला चहाचा एक चमचा खडे मीठ टाकलं. शेपूट मुळाशी शाबूत होती म्हणून पाच-सहा आठवड्यांत भरून आली, जरा वेडीवाकडी. सुमात्रा एका ओळखीच्या घरी मोठ्या कळपात गेले.

त्या काळात मी गप्पींबद्दल मिळेल ते वाचलं आणि एक गोष्ट मनात घर करून राहिली. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पींवर संशोधन करून १९८० मध्ये ते प्रसिद्ध केलं. जिथे गप्पी खाणारे मोठे मासे असतात तिथले नर फिके, आणि जिथे असे शत्रू कमी तिथले नर रंगीबेरंगी. मादीला रंग आवडतो, पण तोच रंग शिकाऱ्यालाही दिसतो. म्हणजे गप्पीचं अंग कसं दिसेल हे त्याचे शेजारी ठरवतात. दुकानातला गप्पी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून इतका भडक, इतक्या लांब शेपटीचा केला आहे की त्याला आता स्वतःला लपवताच येत नाही. मग त्याच्या शेजारची जबाबदारी आपल्यावरच येते, असं मला वाटतं.

त्यानंतर मी कुठलाही मासा घेण्याआधी तीनच गोष्टी बघायला लागले: त्याला जड पाणी चालतं का, तो शेपटीला तोंड लावतो का, आणि मोठा झाल्यावर त्याच्या तोंडात गप्पी मावतो का. फायटर बाद, कारण गप्पी नराची शेपूट त्याला दुसऱ्या फायटरसारखी दिसते. एंजल लहानपणी गरीब असतो, पण तळहाताएवढा झाला की छोटे मासे गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं आणि घाणही फार करतो. निऑन टेट्रा फार आवडले होते, पण ते मऊ पाण्यातले. आमच्या बोअरमध्ये त्यांचे हालच झाले असते. काच साफ करतो म्हणून विकतात तो सकर दोन इंचांचा असतो तेव्हा गोड दिसतो, पुढे फूटभराहून मोठा होतो. दोन फुटांच्या टाकीत तो ठेवणं मला क्रूरपणा वाटतो.

शेवटी सहा ब्राँझ कोरी आणल्या. या गप्पीच्याच गाववाल्या, त्रिनिदादमध्येही सापडतात. तळाशी राहतात, वाळूत मिशा खुपसून खाणं हुंगतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. आधी माझ्या टाकीत दुकानातले टोकदार रंगीत खडे होते. त्याने मिशा झिजतात म्हणून सगळे काढले आणि बारीक वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन टाकली. हे काम दोन रविवार चाललं. नवे मासे थेट टाकीत न सोडता दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवले, रोग येऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी एक कोरी सर्रकन वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढून खाली गेली, मग दुसरी. मी घाबरून एअर पंप वाढवला. नंतर कळलं की त्या हवा गिळून आतड्यातून श्वास घेतात, ही त्यांची रीतच आहे. आता ते वर जाऊन येणं बघायला मला सगळ्यात जास्त आवडतं. खाणं वरच गप्पी संपवतात, म्हणून कोरींसाठी बुडणारी गोळी रात्री दिवा बंद केल्यावर टाकते.

नंतर तीन प्लाटी आल्या. जड पाणी, शांत स्वभाव, काही त्रास नाही.

उन्हाळा मात्र जिकिरीचा जातो. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी एकतीस-बत्तीसपर्यंत चढतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून जाळी ठेवते, वर टेबलफॅन लावते, त्याने दोन अंश तरी उतरतात. डिसेंबरमध्ये उलट, छोटा हीटर लागतो.

पिल्लांचं नियोजन मी आधी केलं नव्हतं. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, साधारण चार आठवड्यांनी. एकदा नराशी संबंध आला की मादी कित्येक महिने पुढची पिल्लं देत राहते, त्यामुळे दुकानातून नुसत्या माद्या आणल्या तरी पिल्लं होणारच. पिल्लं आईच खाते. जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट गुंता एका कोपऱ्यात ठेवल्यावर दर वेळी पाच-सात वाचायला लागली, आणि तेवढीच पुरेशी आहेत. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक सुईच्या टोकावर घेऊन त्यांना देतो. जास्त झालेली मिरजेला जातात. माझ्या दिरांनी एकदा सहज सुचवलं, "घाटावर सोडून ये की कृष्णेत." मी नको म्हणाले. नदीत आपले स्थानिक छोटे मासे आधीच किती संकटात आहेत, त्यांच्या तोंडचा घास काढायला अजून एक परका कशाला?

गेल्या महिन्यात पलीकडच्या वहिनींनी टाकी घेतली. त्यांना मी एक नर, तीन माद्या कबूल केल्या आणि आधी आमचा स्पंज पिळून एक बाटली काळं पाणी नेऊन दिलं. त्यांनी ती उजेडात धरून बघितली.

"अहो, एवढं घाण पाणी? आणि मासे कुठेत?"

"मासे महिन्याने," मी म्हटलं. "आधी हे ओता."