रोटीच्या माळावरची शिराझ

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की यवतच्या पुढेपर्यंत ऊस सोबत करतो. पाटसला बारामतीकडे वळून रोटी गावाचा घाट चढू लागलो, की जमीन उघडी आणि मुरमाड होत जाते. तुकोबांच्या पालखीच्या या वाटेलगत लाल वाइनसाठी शिराझ द्राक्षांची लागवड आहे, आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिथली तोडणी मला पाहायला मिळाली.

नदीकाठच्या काळ्या जमिनीत ओल टिकते, त्यामुळे वेल पानोपान माजते, मणी फुगतात आणि रस पातळ होतो. मुरमात पाणी थांबत नाही. ठिबकने मोजकेच पाणी मिळालेल्या वेलीचे मणी बारीक राहतात, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा मुख्यतः सालीतून येत असल्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त असणे इथे फार मोलाचे ठरते. मातीचीच चव पेल्यात उतरते, असे अनेकजण सांगतात. मला ते पटत नाही. वेलीला पाणी किती द्यायचे आणि किती रोखायचे, हेच मातीचे मोठे काम आहे.

हवामानाची गोष्ट मात्र युरोपच्या अगदी उलट आहे. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये घड पिकतात ते थंडीकडे झुकणाऱ्या दिवसांत. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्यांसाठी वेल आखूड कापल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते, ऐन थंडीत मण्यांत पाणी उतरते, म्हणजे ते मऊ होऊन रंग धरू लागतात, आणि साखर भरते तोवर ऊन तापू लागलेले असते. थंड रात्री मण्यातले आम्ल आणि सालीचा रंग राखतात. मार्चच्या उन्हात साखर झपाट्याने वाढते, आम्ल घटते, पण साल आणि बी त्याच वेगाने पिकतीलच असे नाही. म्हणून तोडणीआधी बागेचे व्यवस्थापक केवळ साखर मोजून थांबत नव्हते, तर ओळीओळीतून मणी तोडून बिया चावून पाहत होते. हिरवी, कडवट बी असेल तर ती ओळ राखून ठेवायची.

दुपारी गेल्या हंगामातल्या दोन पिंपांमधली वाइन चाखली. लवकर तोडलेल्या द्राक्षांच्या वाइनला काळ्या मिरीचा वास होता आणि आंबटपणा टवटवीत होता. शिराझचा हा मिरीचा वास उष्णतेत कमी होतो. उशिराच्या वाइनमध्ये पिकल्या जांभळाचा गोडसर वास, दाट रंग आणि घशाला जाणवणारे मद्यार्क होते. मला पहिली अधिक आवडली, पण तिचे अंग हलके होते, म्हणजे तोंडात ती भरीव वाटत नव्हती, हेही खरे. बाटली भरताना दोन्ही एकत्र करतात, असे व्यवस्थापकांनी सांगितले, आणि त्या वर्षीच्या मिश्रणात लवकरच्या पिंपाचा वाटा मोठा होता.