टोपीवरचं पापलेट

मालवणात राहून मी लोकरीचं विणते असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग वरच्या पंख्याकडे. "थंडी खंय पडता हयसर?" हा सासूबाईंचा सवाल माझ्या इथल्या पहिल्या डिसेंबरपासून कायम आहे. त्यांचं चुकत नाही. जानेवारीत चार पहाटे कानटोप्या बाहेर निघतात, तेवढीच आमची थंडी. बाकी वर्षभर लोकर नुसती सांभाळायची. पावसाळ्यात कुबट वास, पाऊस सरला की कसरीची भीती, म्हणून डांबरगोळ्या टाकलेला पत्र्याचा डबा. पण मी मूळची पुण्याची, आईने लहानपणीच सुया हातात दिलेल्या. खोड जात नाही. विणते आणि घाटावर पाठवून देते.

यंदा भाचीला मुलगा झाला. त्याच्यासाठी टोपी विणायची, आणि आजी मालवणची म्हटल्यावर टोपीवर मासे हवेतच. पुस्तकांत नक्षी मिळते ती बर्फाच्या चांदण्यांची नाहीतर हरणांची. ती थंड देशांत दिसतात म्हणून तिथल्या लोकांनी विणली. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंडच्या मध्ये फेअर आईल नावाचं एवढंसं बेट आहे. तिथल्या बायकांच्या स्वेटरात रंग पुष्कळ, पण एका ओळीत दोनच. 1922 मध्ये तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स तसला स्वेटर घालून गोल्फ खेळायला उतरला आणि मग तो साऱ्या जगाला हवासा झाला. नॉर्वेतल्या सेलबूच्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांचं फूल असतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळीच आठवली. आणि त्याच देशात काळ्या अंगावर पांढरे ठिपके विखुरलेलं एक जाकीट आहे, लुसेकोफ्ते. नावात कोफ्ता असला तरी अर्थ होतो उवांचं जाकीट! आपल्याकडे असलं नाव ठेवायची कुणाची छाती झाली नसती.

तर मी मुलीची चौकटीची वही घेतली आणि पापलेट काढलं. पंधरा चौकटी लांब, पंधरा उंच, शेपूट छान दुभंगलेली. निळ्या लोकरीवर पांढरं. चार दिवसांनी पहिला मासा सुईवरून खाली उतरला तसा सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यां खंयचां पापलेट? हो तर बांगडो!"

खरंच बांगडा होता. वहीतली चौकट चौरस असते, विणलेलं घर, म्हणजे सुईवरचा एकेक टाका, चौरस नसतं. ते रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. माझ्या हाताने दहा सेंटिमीटरात बावीस घरं बसतात, पण ओळी तीस लागतात. म्हणजे पंधरा घरांचा मासा लांबीला पावणेसात सेंटिमीटर भरला आणि पंधरा ओळींत उंचीला जेमतेम पाच. पापलेट चेपलं गेलं. कागदावर उंच, लंबुळकं, अगदी विचित्र दिसणारं चित्र काढावं तेव्हा कुठे लोकरीत ते गोल येतं. पुन्हा मांडलं: पंधरा घरं, वीस ओळी. आणि सगळं उसवलं.

उसवताना शेजारच्या आतेंचा मुलगा ओट्यावर बसून बघत होता. तो रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातो, फाटलेली जाळी सांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "एक धागो ओढल्यार सगळां सुटता? मगे काय उपयोग?" त्याच्या जाळ्याला प्रत्येक घराशी गाठ आहे. माझ्याकडे गाठच नाही, नुसते एकातून एक ओवलेले फास. मी म्हटलं, म्हणून तर बांगड्याचं पापलेट करता येतं. त्याला ते फारसं पटलं नाही.

खरी कटकट मागच्या बाजूला असते. ज्या रंगाची पाळी नाही तो धागा मागून न्यायचा. घट्ट ओढला तर कापडाला चुण्या पडतात, सैल सोडला तर लोंबतो आणि बाळाची बोटं त्यात अडकतात. पाच-सहा घरांच्या पुढे तो मोकळा सोडायचाच नाही. पापलेटाच्या पोटात दर चार घरांनी निळा धागा पांढऱ्याखाली अडकवून घेतला. पण दोन माशांच्या मधली सात घरं मोकळी राहत होती. तिथे मला ते जाकीट आठवलं. मधोमध एकेक पांढरं घर टाकलं, की मागचा धागा आपोआप आखूड. मुलगी म्हणाली, बुडबुडे छान जमलेत. उवा आहेत हे मी तिला सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशी घरांत चार पापलेटं नेमकी बसली. सासूबाईंनी टोपी गुडघ्यावर पसरून बोटाने एकेक मासा तपासला आणि काही न बोलता परत दिली. म्हणजे पास. टोपी पुण्याला गेली.

आठवड्याने भाचीने फोटो पाठवला. माझ्या उसवाउसवीत बाळाचं डोकं तेवढ्यात थांबून राहिलं नव्हतं. टोपी ताणून ताणून बसवलेली, कानांपर्यंत कशीबशी आलेली. विणकाम आडवं ताणलं की उंचीला आखडतं, हे मला काय माहीत नव्हतं? खाली भाचीने लिहिलं होतं, "मावशी, टोपी एकदम गोड! पण बांगडेच का गं?"

मोबाइल सासूबाईंच्या हाती दिला. त्या हसायच्या थांबेनात.