आमची वाटचाल: केबल ओढण्यापासून फ्लो टेबलापर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आम्हाला अजून "केबलवाले" म्हणूनच ओळखतात. फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने यांना लॅन टाकून द्यायचं, कॅमेरे बसवायचे, हजेरीचं पंचिंग मशीन जोडायचं, यावर फर्मची सुरुवातीची वर्षं निघाली. पुढं महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत कामं मिळाली. अंतर म्हणाल तर दुचाकीवर जाऊन यावं एवढं, पण राज्य बदललं म्हणून बिलावर आयजीएसटी. आमचे अकाउंटंट त्यावर अजून कुरकुरतात.

एसडीएनकडं, म्हणजे नेटवर्क सॉफ्टवेअरनं चालवायच्या पद्धतीकडं, आम्ही वळलो ते इथल्याच कॉलेजातून पास होऊन आलेल्या एका पोरामुळं. त्यातली कंट्रोलरनं स्विचशी बोलायची भाषा, ओपनफ्लो, 2008 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी मांडली. स्विचमधला निर्णयाचा भाग काढून एका कंट्रोलरकडं, म्हणजे सगळे स्विच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडं द्यायचा आणि स्विचनं फक्त फ्लो टेबलात (कुठलं पॅकेट कुठं पाठवायचं त्याच्या यादीत) लिहिलंय तसं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पुढं ढकलायचं. एका फाउंड्रीला ऑफिस, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं), कॅमेरे आणि कामगारांचं वायफाय एकाच जाळ्यावर, पण एकमेकांत न मिसळता हवं होतं. काम घेतलं, चाललंही छान. मग मालकांचा फोन आला.

"ओ, तुमचा नवा स्विच आल्यापास्नं शिफ्ट सुटताना पंचिंग अडकतंय की! गेटवर अंगठा लागतोय, ऑफिसात हजेरी येईना."

गेटजवळच्या रॅकपाशी बसून पोरानं फ्लो डंप, म्हणजे टेबलातल्या सगळ्या ओळींची यादी काढली. ओळीमागून ओळ तोच मोबाईल, तोच बाहेरचा सर्व्हर, फरक फक्त सोर्स पोर्टचा, म्हणजे मोबाईलनं त्या कनेक्शनला दिलेल्या नंबराचा. बहुतेक ओळींत पॅकेटचा आकडा एक नाहीतर दोन. आणि कंट्रोलरच्या लॉगमध्ये "टेबल फुल"ची रांग.

झालं होतं असं. शिफ्ट सुटली की सगळे मोबाईल एकदम वायफायला लागायचे. कंट्रोलरसोबत आलेलं तयार अ‍ॅप प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी, अगदी पोर्ट नंबरापर्यंत जुळणारी एंट्री लिहायचं आणि ती 300 सेकंद रिकामी पडली तरच काढायचं. व्हॉट्सअ‍ॅपचा एक मेसेज येऊन गेला तरी त्याची ओळ पाच मिनिटं जागा अडवून बसणार. पंचिंग मशीन मुळात कमी बोलणारं. मधल्या वेळात त्याची ओळ निघून जायची, आणि ते बोलायला उठायचं तेव्हा टेबलात त्याला जागाच नसायची.

या ओळी बसतात टीकॅम नावाच्या मेमरीत. तिच्यात शून्य, एक आणि "काहीही चालेल" अशा तिन्ही खुणा ठेवता येतात आणि सगळ्या ओळी एकाच वेळी तपासल्या जातात. म्हणून ती वेगवान, म्हणूनच महाग आणि वीज खाणारी. आमच्या गिऱ्हाइकांना परवडणाऱ्या स्विचात ती काही हजार ओळींच्या वर जात नाही. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात मोठा आकडा होता, पण त्यात सॉफ्टवेअरमधलं टेबलही धरलं होतं. तिथं गेलेलं पॅकेट स्विचच्या सीपीयूवरून जातं, आणि तो लगेच दमतो. तेव्हापासून हार्डवेअर टेबलाचा आकडा लेखी हातात आल्याशिवाय आम्ही ऑर्डर देत नाही.

उपाय सोपा निघाला. सीएनसी, कॅमेरे, पंचिंग यांच्या ओळी आधीच लिहून ठेवल्या, वरच्या प्रायॉरिटीनं आणि टाइमआऊट (ओळ काढायची मुदत) शून्य, म्हणजे कायमच्या. कामगारांच्या वायफायसाठी कनेक्शनगणिक ओळी बंद केल्या. त्या वायफायच्या सबनेटला (नेटवर्कच्या त्या भागाला) एकच ढोबळ ओळ, "बाहेर जाऊ दे", आणि तिच्या वर दुसरी, "कारखान्यात येऊ देऊ नको". शेकडो ओळींचं काम दोन ओळींवर आलं. प्रत्येक मोबाईलचा वेगळा हिशेब त्यामुळं मिळत नाही. मालकांना तो नकोच होता.

टाइमआऊट सरसकट कमी करणं हा उपाय नव्हे, हे नव्या पोरांना मी मुद्दाम सांगतो. यंत्र दर 30 सेकंदांनी बोलत असेल आणि आयडल टाइमआऊट (रिकामी ओळ काढायची मुदत) 10 सेकंद ठेवला, तर त्याची ओळ दर वेळी मरते, दर वेळी पॅकेट कंट्रोलरकडं धावतं आणि दर वेळी नवी ओळ लिहावी लागते. टेबल रिकामं दिसतं, कंट्रोलर घामाघूम. म्हणून आधी यंत्र किती वेळानं बोलतं ते बघायचं, मग आकडा टाकायचा. ओपनफ्लो 1.4 पासून टेबल भरत आल्याची आगाऊ सूचना आणि कमी महत्त्वाच्या ओळी आपोआप काढायची सोय आली, पण आमच्याकडचे बरेच स्विच 1.3 वर थांबलेत. तिथं टेबल किती भरलंय ते आम्ही कंट्रोलरकडून ठरावीक वेळानं विचारून घेतो. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रिपोर्टात तो आकडा असतोच, शिफ्ट बदलतानाचा.

आता खानापूर, निपाणीकडूनही विचारणा येते. दहा-बारा कॉम्प्युटरचं ऑफिस असेल तर आम्ही साधा मॅनेज्ड स्विच घ्या म्हणतो, दोन-तीन व्हीएलएएन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली जाळी) करून देतो. परवा एक गिऱ्हाईक त्यावर नाराज झालं. "त्या फाउंड्रीत बसवलंय तेच पाहिजे," म्हणाले. कोटेशन दोन्हींचं पाठवलंय.